इंजिनातला अडकित्ता

गुरुदास मेला तरी सुधारला नाही, अशी यशोदेची तक्रार होती. आणि ती ऐकायला समोरचा तयार आहे की नाही, हे विचारायची तिला कधी गरज वाटली नाही.

जिवंतपणी हा माणूस घरात म्हणून बसला नाही. सव्वीस वर्षं त्याने म्हापण ते वेंगुर्ले वडापची जीप चालवली. माणसं भरली की निघायचं, उतरली की पुन्हा भरायची. संध्याकाळी घरी आला की जीप मांगराच्या, म्हणजे घराशेजारच्या शेडच्या, सावलीला लावायचा आणि आतच बसून राहायचा. चहा तिथे, पेपर तिथे, उन्हाळ्यात दुपारची झोपसुद्धा मागच्या बाकावर. यशोदा पायरीवर उभी राहून ओरडायची, "अवो, घराक चार भिंती आसत! माका एकटीक कित्याक बांदून दिलास?" त्यावर जीपच्या खिडकीतून एक हात बाहेर यायचा. हातात सुपारीची बारीक खांडं. तिच्यासाठी कातरलेली. एवढंच उत्तर.

जातानाही तो घरात गेला नाही. दीड वर्षामागे, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, जीप धुता धुता चाकाला टेकून बसला तो बसलाच. पाण्याचा पाइप हातात तसाच वाहत होता. यशोदा घरातून बाहेर आली तीसुद्धा पाणी फुकट जातंय म्हणून ओरडतच.

बरं, मेल्यावर तरी? गेल्या भाद्रपदात त्याचा पहिला म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, घातला. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर, सगळं त्याच्या आवडीचं करून पितरांचं पान कुंपणापाशी ठेवलं. लेक आणि सून गोव्याहून आले होते, नात किशोरी होती, शेजारपाजार होता. कावळा आला, पानाला शिवला, वडा उचलला, आणि इकडेतिकडे न बघता सरळ जाऊन बसला तो जीपच्या बॉनेटवर. तिथे बसून त्याने आख्खा वडा खाल्ला. बाकीचे हसले. यशोदा हसली नाही.

"बघल्यात?" ती म्हणाली. "वाडलेला हयसर, आणि जेवतत खंय? गाडयेर!"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किशोरीने किल्ली फिरवली तेव्हा जीपच्या पोटातून तो आवाज आला. टिक टिक टिक टिक. बारीक, कोरडा, एकसारखा. सुपारीवर अडकित्ता चालावा तसा.

यशोदा अंगण शेणाने सारवत होती. तिचा हात जमिनीवर होता तिथेच राहिला.

*

जीप आता किशोरीची होती. चोवीस वर्षांची पोर, आजोबांच्या मांडीवर बसून गाडी शिकलेली. वडाप बंद करून तिने वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यातल्या बायकांची ने-आण सुरू केली होती. सकाळी अकरा बायका नेऊन सोडायच्या, संध्याकाळी आणायच्या. जीपचा मीटर चार लाखांवर जाऊन दमून थांबला होता, पण गाडी थांबली नव्हती.

त्या आवाजाच्या दिवसापासून यशोदेने एक रीत पाडली. पहाटे चहा झाला की ती जाऊन जीपच्या पुढच्या बाकावर बसायची, चालकाच्या शेजारी. "गाडी वायच गरम होवंदे, मगे जा," असं किशोरीला बजावायची. गुरुदासाचा पितळी अडकित्ता समोरच्या खणात होता, दांड्यावर पोपट असलेला. तो गेल्यापासून तिने त्याला हात लावला नव्हता. आता लावायचं कारणही नव्हतं. अडकित्ता आपला आपण चालत होता.

टिकटिक सुरू झाली की ती डोळे मिटायची, आणि मांगर हळूहळू मागे सरायचा. धुक्यात माडाच्या झावळ्या पाण्याखालच्या शेवाळासारख्या हलायच्या. जीप जागची न हलता चालू लागायची. वाटेत माणसं उभी असायची, सव्वीस वर्षांत चढलेली आणि उतरलेली सगळी माणसं: ओल्या टोपलीवर हात ठेवून बसणारी मासेवाली, छत्री मांडीवर आडवी धरणारे पाद्री, माहेरी निघालेली नवी नवरी, तिचं लाल पातळ खिडकीतून बाहेर उडायचं. कुणी बोलत नसे. सगळे नुसते चढायचे आणि उतरायचे, भरती चढावी आणि उतरावी तसे. आणि मग नेहमी एकच जागा यायची. कुणकेश्वरच्या जत्रेला जातानाचा रस्ता. लग्नानंतर इतक्या वर्षांत तेवढी एकच फेरी यशोदेला पुढच्या बाकावर मिळाली होती. एरवी पुढचा बाक भाड्याच्या माणसांचा. त्या दिवशी समुद्र तिच्या बाजूला होता. इतका जवळ, की हात बाहेर काढला तर ओला होईल असं वाटायचं. आणि शेजारी तो एका हाताने चाक सांभाळत, वळण आलं की गुणगुणत.

मग इंजिन तापायचं, आवाज विरळ व्हायचा, थांबायचा. मांगर परत जागेवर यायचा.

"झाली कातरून," असं पुटपुटून यशोदा खाली उतरायची.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, यशोदा म्हातारी झाली. म्हातारी व्हायला तिची हरकत नव्हती, लोकांनी म्हणायला होती.

"आजी, टॅपेट वाजतत ती," किशोरी म्हणायची. "थंडेत तेल वर चढाक येळ लागता. बाप्तिस्त अंकलाक दाखवक व्हया."

"तुका गाडी चलवूक येता, आयकूक येना नाय," यशोदा म्हणायची.

*

बाप्तिस्तचं गॅरेज तिठ्यावर होतं. पत्र्याची शेड, आत सायबिणीची, म्हणजे मदर मेरीची, तसबीर, तिच्यासमोर दिवसरात्र एक लाल बल्ब. गुरुदासाचा तो जुना दोस्त. त्या जीपचा एकेक नट त्याच्या बोटांना ओळखत होता. दिवाळीच्या सुमारास एका गुरुवारी, काजू कारखान्याची सुट्टी बघून, तो स्कूटरवरून आला. लांब पेचकस काढून त्याने एक टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला, आणि डोळे मिटून उभा राहिला. चर्चमध्ये उभा राहतो तसा.

यशोदेला ते मुळीच आवडलं नाही. नवराबायकोचं बोलणं कुणी भिंतीला कान लावून ऐकावं तसं तिला वाटलं.

"वयनी," तो डोळे उघडून म्हणाला, "हेच्यात तेलार चलणारी बारीक डबी असतत, तीच टॅपेट. तेल बरा असला काय ती भरान बसतत, आवाज नाय. तेल मळाला काय ती अडाकतत, आणि कॅमार हातोडी मारीत रवतत. कॅम म्हणजे ह्या इंजिनाची नाडी. ती झिजली काय गाडी गेली. आता तेल बदलतंय. हेच्यापुढे मात्र येळेर बदलूक व्हया, गाडी म्हातारी झाली."

त्याने तेल बदललं, आणि जीप मुकी झाली.

आठ दिवस! आठ दिवस यशोदा पहाटे जाऊन बसली, आणि आठही दिवस मांगर जागचा हलला नाही. नुसतं इंजिन घुमत होतं, कुणाच्याही गाडीचं घुमावं तसं. पाद्री आले नाहीत, नवरी आली नाही, समुद्र तर नाहीच. ती घरात येऊन भांडी आपटायची. किशोरीला वाटलं आजीचे गुडघे दुखतायत.

नवव्या दिवशी, अगदी सुरुवातीला, चार वेळा टिक झालं. यशोदेने देवाजवळ सांजवात लावली ती त्या दिवशी दोन वातींची.

त्यानंतर तिने जे केलं ते नीट ठरवून केलं. पौषात पुढच्या तेलाची वेळ आली. किशोरी गुरुवारी एसटीने गोव्याला आईवडिलांकडे जायची. जाताना नव्या तेलाचा कॅन ओट्यावर ठेवून गेली, बाप्तिस्त अंकल येतील म्हणून. अंकल आले. यशोदेने त्यांना अंगणातच अडवलं.

"तुज्याकडे काम नाय रे आज. किशोरीन कुडाळाक तेल बदलून घेतल्यान."

"कुडाळाक?" बाप्तिस्तचं तोंड उतरलं. "माका बोलूक नाय ती."

"आजकालची चेडवां खंय बोलतत."

संध्याकाळी किशोरी आली तेव्हा यशोदा म्हणाली, "बाप्तिस्त येवन गेलो. झाला तुजा काम." कॅन तोवर भाताच्या कणगीमागे गेला होता. शिमग्याच्या आधी हेच पुन्हा झालं. दुसरा कॅन पहिल्याशेजारी जाऊन बसला. किशोरीला संशय यायला जागा नव्हती; डिझेलच्या गाडीचं तेल घातल्यावर चार दिवसांत काळं होतं, बदललेलं काय आणि न बदललेलं काय, पट्टीवर दिसायला सारखंच. आणि आजी खोटं बोलेल, असं त्या घरात कुणाच्या मनात यायची पद्धत नव्हती.

अडकित्ता मात्र रंगात आला होता. आता तो इंजिन तापल्यावरही थांबेना. जीप अंगणातून बाहेर पडायची, वळणावरून दिसेनाशी व्हायची, तरी टिकटिक मागे रेंगाळायची. संध्याकाळी परतताना शेताच्या पलीकडूनच ऐकू यायची. यशोदा पायरीवर बसून ऐकायची. आता घाई नाही त्यांना, ती मनाशी म्हणायची. आता जरा बसतात.

"आजी, गाडी चढावाक धापा टाकता," किशोरी जेवताना म्हणाली.

"तू नाय टाकणस चढावाक?"

*

चैत्रात, काजूचा हंगाम ऐन भरात असताना, वेंगुर्ल्याच्या अलीकडच्या चढावावर जीप अर्ध्यावर गेली आणि खोकली. दोनदा आतून फटफट आवाज झाला, काळा धूर आला, आणि गाडी उभी राहिली. उभी राहून एक हात मागेही सरकली. किशोरीने हँडब्रेक ओढला. सुशीला नावाची दांडगी बाई मागून उडी मारून उतरली, रस्त्याकडेचा चिरा उचलला आणि चाकाखाली घातला. मग अकरा बायका पिकल्या काजूच्या बोंडूंच्या वासातून, डोक्यावर पदर घेऊन, तो चढाव चालत गेल्या.

दुपारी जीप दोरखंडाने ओढत बाप्तिस्तच्या शेडमध्ये आणली. यशोदाही गेली. बाप्तिस्तने खाली परात ठेवून तेल सोडलं. ते पडलं नाही, उतरलं. गुळाच्या पाकासारखं.

"ह्या तेल न्हय," तो हळू म्हणाला. "ह्या डांबर."

त्याने बोट बुडवून उजेडात धरलं. काळ्यावर बारीक चंदेरी कण चमकत होते. भरतीनंतर वाळूवर चमकतात तसे. यशोदेला ते क्षणभर सुंदर वाटले.

"ता चमाकता ता काय?" तिने विचारलं.

"कॅम," बाप्तिस्त म्हणाला.

वरचं झाकण उघडून, संध्याकाळपर्यंत खपून त्याने तो कॅम काढला आणि पेपरवर आडवा ठेवला. हातभर लांब दांडा, त्यावर आठ लोखंडी अंडी ओवल्यासारखी. त्यातली सात शाबूत होती. आठव्याचं टोक पार झिजून गेलं होतं.

"हेच्या टोकान झडप उघडूची," तो म्हणाला. "टोकच नाय तर उघडतली कशी? लाडू झालो हेचो. टॅपेट अडाकला, आणि रोज थोडा थोडा खाल्ल्यान."

रोज थोडं थोडं. यशोदेने पदर तोंडाशी नेला.

"पण अंकल," किशोरी म्हणाली, "तुमी तेल बदललात ना? पौषात एकदा, शिमग्याआधी एकदा. कॅन मी ठेवन गेल्लंय."

बाप्तिस्तचा हात थांबला. त्याने किशोरीकडे पाहिलं. मग सावकाश यशोदेकडे. यशोदा सायबिणीसमोरच्या लाल बल्बाकडे बघत होती.



"विसारलंय गो बाय," बाप्तिस्त म्हणाला.

"दोनदा?"

"दोनदा."

"आणि कॅन? नवे कॅन खंय गेले?"

 तो फडक्याने हात पुसत राहिला, पुसून झालेले हात. किशोरीचा चेहरा पांढरा पडला. "आजोबा तुमका भाव म्हणी," एवढंच बोलून ती शेडबाहेर गेली.

यशोदेने तोंड उघडलं होतं. पण सत्तर वर्षांत तिच्या तोंडाला दुसऱ्याच्या चुका सांगायची सवय. स्वतःची सांगायची म्हटल्यावर जीभ वाट शोधत राहिली, आणि तेवढ्यात नात निघून गेली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मांगरात गेली. जीपची जागा रिकामी होती. जमिनीवर तेलाचा एक डाग होता, गोल, एखाद्या विहिरीच्या तोंडासारखा. ती त्याच्याशेजारी गोणपाट टाकून आडवी झाली.

कुठेही टिकटिक नव्हती, तरी जीप आली. सगळी माणसं आत बसलेली होती, मासेवाली, पाद्री, नवरी. गुरुदास चालवत होता. समुद्र तिच्या बाजूला होता. ती पुढे बसली होती, आणि सगळं हवं तसं होतं. मग वळणावर बाप्तिस्त दिसला, हात दाखवत उभा. जीप थांबली नाही. "थांबवा, बाप्तिस्त आसा," ती म्हणाली. मागून मासेवाली म्हणाली, "चोर मा तो!" पाद्री म्हणाले, "चोर." नवरी म्हणाली, "माज्या आजीन सांगल्यान."  गुरुदासाने फक्त आरसा वळवला आणि त्यातून यशोदेकडे बघत राहिला. रस्ता संपला होता तरी बघत राहिला, आणि चाकांखाली पाणी यायला लागलं.

ती उठून बसली. मांगरात ऊन तिरपं आलं होतं. तिने आधी नवऱ्याला एक शिवी घातली, मग ओचा खोचला आणि कणगीकडे गेली.

पुढच्या दिवशी सकाळी साडेसहाला ती तिठ्यावर पोचली तेव्हा अकरा बायका एसटीची वाट बघत उभ्या होत्या. जीप नाही, तर एसटी. समोरच्या शेडमध्ये बाप्तिस्त बाकावर वाकला होता, आणि किशोरी दारात उभी राहून त्याला सांगत होती की ती गाडी कुडाळच्या गॅरेजात नेणार. सुशीला रस्त्याच्या या बाजूने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती.

"अंकल, आता डोळे मिटून इंजिन आयकू नकात, डोळे उगडून तेल बगा! नायतर आमचे घोव तुमच्याकडे गाड्यो आणूचे नाय!"

बायका हसल्या. बाप्तिस्तही हसला, कसंनुसं. दाढी केली नव्हती त्याने.

यशोदा रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. दोन्ही हातांत दोन कॅन होते.

"सुशीले, दात मिट," ती म्हणाली. "ही बगा. दोन. सील तोडूक नाय. माज्या कणगेपाठी होती. बाप्तिस्ताक सांगलंय किशोरीन कुडाळाक तेल बदलल्यान, आणि किशोरीक सांगलंय बाप्तिस्तान बदलल्यान. तो विसारलो नाय आणि तेना चोरूक नाय. मी केलंय. कोणाक काय विचारूचा आसा ता विचारा, नायतर एसटी येता ती धरा."

कुणी हसलं नाही.

"पण कित्याक गो आये?" सुशीलेने विचारलं. तिचा आवाज एकदम लहान झाला होता.

यशोदेने कॅन खाली ठेवले.

"माका तो आवाज व्हयो होतो," ती म्हणाली. "तेंच्या अडकित्त्यासारको होतो."

एसटी आली. दार उघडलं. बायका जराशाने चढल्या, एकेक करून, आणि चढताना प्रत्येकीने मागे वळून पाहिलं. कंडक्टरने दोनदा घंटा मारली.

किशोरी रस्ता ओलांडून आली. ती ओरडली नाही, तेच वाईट होतं. "आजी," ती म्हणाली, "अकरा बायको होत्यो गाडयेत. गाडी पाठी गेली असती तर?"

  किशोरीने दोन्ही कॅन उचलले, शेडमध्ये नेऊन बाप्तिस्तच्या पायाशी ठेवले आणि तिथेच वाकून त्याला नमस्कार केला. मग रडत रडत हसली, कारण बाप्तिस्तने घाईघाईत तेलकट हाताने तिच्या डोक्यावर आशीर्वाद दिला होता आणि केसांना काळं लागलं होतं.

*

किशोरी कॅम मागवायला फोन करत बाहेर फिरत होती तेव्हा बाप्तिस्तने कोरा चहा केला. यशोदा बाकड्यावर बसली.

"तू गप कित्याक रवलंस?" तिने विचारलं.

"नातीसमोर तुमका खोटा पाडूचा? गुरदास वरसून धोंडो घालतलो माज्या डोक्यार." तो फुंकर घालून चहा प्याला. "वयनी, एक सांगू? रागावतलास?"

"रागावतलंय. सांग."

"दिवाळेक पेचकस लावन आयकलंय ना, माकाय वायच तसाच वाटला. गुरदास सुपारी कातरता. म्हणान इतक्या येळ डोळे मिटून होतंय." तो थांबला. "पण तो कसो कातरी? आठवा. टिक, टिक, टिक. तीनदा. मगे थांबी. खांडा हातार घेय, फुकी, बरी खांडा तुमच्यासाटी बाजूक काढी. मगे परत तीनदा. ह्यो टॅपेट थांबनाच नाय. थांबणा नाय तो गुरदास न्हय."

यशोदेने डोळे मिटले. तीनदा. मग थांबणं. त्या थांबण्यातच तर तिची सुपारी होती. खिडकीतून बाहेर येणारा हात त्या थांबण्यातून यायचा. आणि तेच ती विसरली होती. सहा महिने पहाटे बसून बसून, झिजत्या लोखंडाने तेवढंही तिच्या डोक्यातून थोडं थोडं खाल्लं होतं.

"मेल्या," ती म्हणाली, "ह्या सहा म्हयन्यांआदी सांगूचा होता."

"तुमी माका गाडयेजवळ येवक खंय दिलास?"

"चाय पाणचट केलंस," यशोदा म्हणाली, आणि सगळी प्याली.

*

कोल्हापूरहून नवा कॅम आला, आठही टॅपेट नवी आली, आणि दहाव्या दिवशी जीप मांगरात परत आली. बाप्तिस्तने तेल घालताना यशोदेला समोर उभं केलं होतं. "बगून घेवा," म्हणाला. तिने बघून घेतलं, आणि सांडलेल्या थेंबावरून त्याला बोल लावले.

पहाटे किशोरीने किल्ली फिरवली. यशोदा शेजारी बसली होती. इंजिन घुमलं, गुळगुळीत, भरल्या पोटाच्या गाईसारखं. टिक नाही. मांगर जागेवर होता. झावळ्या झावळ्याच होत्या, आणि त्यांच्यामागे खराखुरा उजेड येत होता.

किशोरीने आजीकडे पाहिलं. "पाणी पिवन येतंय," ती म्हणाली, आणि इंजिन चालू ठेवूनच घरात गेली. तांब्या तर पुढच्याच बाकावर होता.

यशोदा एकटी राहिली. तो सुपारी कातरत नव्हता, हे तिने कबूल केलं होतं. पण तो इथे बसलेलाच नव्हता, असं कुणी सिद्ध केलं होतं? चालकाच्या जागेची गादी सव्वीस वर्षांनी एका बाजूला दबलेली होती ती दबलेलीच होती. तिने समोरचा खण उघडला. अडकित्ता गार होता. पोपटाच्या डोळ्यात धूळ बसली होती, ती तिने पदराने काढली. खणातच एक जुनी सुपारी होती. तिने ती पात्यात धरली. टिक, टिक, टिक. आणि थांबली.

त्या थांबण्यात खूप जागा होती. तिच्यात समुद्र थोडासा दिसला, तिच्याच बाजूला, आणि गेला.

मग ती दबलेल्या गादीकडे तोंड करून मोठ्याने बोलली. घरात किशोरीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"अवो, आयकतास? जित्यापणी सव्वीस वर्सां माका पाठच्या बाकार बसयलास. मेल्यार पानावरचो वडो उचलून हयसर येवन खाल्लास. तुमच्यापायी मी खोटा बोललंय, बाप्तिस्त चोर झालो, अकरा बायको उनात चलत गेल्यो. आता पुरे झाला. गाडी चेडवाची आसा, तिका काम आसा. सुपारी घराक गावतली, मी कातरतलंय. उतरा खाली, आणि पाय धुवन घरात येवा."